शून्य कुठे धरायचं

सात वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात गेली माझी.
थेंब, पट्टी, हिरवा चष्मा,
"बा, ऊंचे जुओ" एवढ्या गुजरातीवर भागत होतं.
मग कागद आला: एक तारखेपासून आयसीयू.
सोबत एक लिंक, बारा धडे,
महिनाभरात संपवा, ड्यूटी सांभाळून.

दांडिया बाजारातल्या आमच्या खोलीत रेंज येते
ती कपाटाशेजारी, तेही जमिनीवर बसलं तर.
रात्री अकरानंतर फोन पिठाच्या डब्याला टेकवून
मी फुफ्फुसं शिकते.
श्रीरंग झोपेत कूस बदलतो,
विचारतो, कोण ओरडतंय?
म्हटलं, व्हेंटिलेटर. झोप तू.

शिकवणाऱ्या बाईंचा चेहरा कधीच दिसला नाही.
फक्त आवाज, घाई नसलेला,
आणि चौथ्या धड्यात चौदाव्या मिनिटाला एक खोकला,
जो कापायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.
तेवढाच भाग मी मागे नेऊन पुन्हा ऐकते.
बाकी सगळं इतकं स्वच्छ आहे
की भीती वाटते.

पडद्यावरचा पेशंट मरत नाही.
चुकलं की लाल चौकट: पुन्हा प्रयत्न करा.
त्याची नळी तुंबली आणि मी आधी अलार्म बंद केला,
एकदा नाही, तीनदा.
तिन्ही वेळा तो जसाच्या तसा परत,
वजन बासष्ट, ॲलर्जी नाही,
घरी कोण आहे ते लिहिलेलं नाही.

नववा धडा: धमनीतला दाब.
बाई म्हणाल्या, यंत्राला आधी सांगावं लागतं
शून्य म्हणजे काय.
छातीच्या कडेला, चौथ्या फासळीच्या फटीत,
हृदयाच्या पातळीवर धरा,
तोटी हवेकडे उघडा,
हवेला शून्य म्हणा, मग मोजा.
मी उठून खिडकी उघडली.
नंदेसरीकडून तो नेहमीचा आंबूस वास आला,
आणि वाटलं, हिला? हिला शून्य म्हणायचं?

सहा नंबरला जशोदाबेन, पादऱ्याच्या.
हातांना अजून मेथीचा हिरवा डाग,
नखांच्या कडेने.
पहाटे सव्वातीनला आकडा घसरला:
अठ्ठ्याहत्तर, चाळीस.
डॉक्टर फोनवरूनच म्हणाले, पंप वाढवा.
माझा अंगठा बटणापर्यंत गेला होता.

आधी माणूस, मग पडदा.
हे कितव्या धड्यात होतं, आठवत नाही.
पाय पाहिले. गरम.
लघवीची पिशवी निवांत भरत चाललेली.
एवढ्या कमी दाबाची बाई अशी नसते.
मग दिसलं:
एक्स-रेवाल्यांनी पलंग खाली घेतला होता
आणि दांडीवरची ती डबी
वरच राहिली होती, हृदयापासून वीतभर उंच,
मजला सोडून गेलेल्या भाडेकरूच्या पाटीसारखी.

उतरवली. फासळ्या मोजल्या,
एक, दोन, तीन, बोट थरथरलं, पुन्हा पहिल्यापासून.
तोटी हवेकडे.
ही बडोद्याची हवा आहे, स्पिरिटची,
बाहेर बाकावर झोपलेल्या मुलाच्या विडीची.
हिलाच शून्य धर बाबा.
एकशे सोळा, सत्तर.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
लिसीसिस्टर चहाच्या कपावरून म्हणाली, वेळ लिही.
डॉक्टरांना कळवलं. बरं, म्हणाले.
मी वेळ लिहिली, आणि मग
न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले थोडी.

परीक्षेत वीसपैकी एकोणीस.
चुकला तो प्रश्न डोळ्यांचा,
बेशुद्ध पेशंटच्या, किती तासांनी मलम.
सात वर्षं! श्रीरंग अजून हसतो.

पण त्या पहाटे जशोदाबेनच्या पापण्या
अर्धवट उघड्या होत्या, बुबुळं कोरडी पडत आलेली,
दार लोटून घ्यायचं राहून जावं तशी.
मलमाची बारीक रेघ ओढली,
दोन बोटांनी पापण्या मिटल्या.
सवयीने तोंडातून निघालं, बा, ऊंचे जुओ.
त्या कुठेच पाहत नव्हत्या.
हे मात्र मला येत होतं.